सिपोराने मारलेली गाठ

सिपोरा वाकरूळकर आमच्या वर्गात आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण हजेरी घेताना सर तिच्या नावावर अडखळले. वर्गात खसखस पिकली. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सिपोरा, सर. मोशे नबीच्या बायकोचं नाव आहे." मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ख्रिश्चन का?" ती म्हणाली, "नाही, ज्यू." तर तोच आवाज, "म्हणजे पारशी ना?"

मला असल्या प्रश्नांचा भयंकर राग येतो. मी मागे वळून म्हटलं, "गप रे! आडनाव ऐक तिचं. तुझ्यापेक्षा जास्त कोकणातली आहे ती." आता मला तरी कुठे काय माहीत होतं! वाकरूळ पेणच्या बाजूला आहे एवढंच माहीत, कारण आईचं माहेर तिकडचं. पण बोलून मोकळी झाले, आणि दुसऱ्या दिवशीपासून सिपोरा माझ्या शेजारी बसायला लागली. दोन आठवड्यांत तिची सिपू झाली.

घरी कळव्याला येऊन आजीला सांगितलं तर तिला काही नवल नाही. "अगो, शनवार तेल्यांची पोर ती. आमच्या गावात घाणा होता त्यांचा. शनवार म्हंजे घाणा बंद. कोन मरूं दे नायतर जगूं दे." सिपूला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की कँटीनमधला चहा सांडला. तिच्या पणजोबांचा घाणा खरंच होता म्हणे.

कॉलेजात ज्यू तिघंच. सिपू, कॉमर्सचा बिन्यामिन म्हणजे बिनू, आणि अकरावीतली एक एस्थर. शुक्रवारी दुपारी तिघं बॉटनी गार्डनच्या कट्ट्यावर जमायची आणि मग एकत्र सिनेगॉगला प्रार्थनेला जायची. बिनू भाव खायचा की ही ज्यू विद्यार्थी संघटना आहे आणि तो तिचा अध्यक्ष. मी म्हणायचे, "आणि मेंबर कोण?" तो म्हणायचा, "एक उपाध्यक्ष, एक खजिनदार. तू नुसती खायला येतेस." खोटं नव्हतं ते. एस्थरच्या डब्यातल्या नारळाच्या दुधातल्या चिकनसाठी मी कट्ट्यावर ठाण मांडून बसायचे. मी एकदा वर दही घेतलं तर तिघांनी एकदम माझा हात धरला. त्यांच्यात मटण-चिकनबरोबर दूध-दही चालत नाही. मी म्हटलं, "पोट माझं आहे ना!" बिनू म्हणाला, "पण डबा आमचा आहे."

पहिल्या वर्षी सिपूला चांगले मार्क पडले, तेव्हा तिने नवस फेडला. डिपार्टमेंटच्या गच्चीवर मोठं ताट मांडलं. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, त्यावर केळी, सफरचंद, खजूर. याला मलिदा म्हणतात. बिनूने टोपी घातली आणि त्यांच्या एलियाहू हन्नाबी या नबीचं नाव घेऊन हिब्रूत प्रार्थना म्हटली, मधेमधे मोबाइलमध्ये बघत. पण त्याआधी सिपूने सब्जाची जुडी सगळ्यांच्या हातांतून फिरवली. वास घ्यायचा, वासासाठी देवाचे आभार मानायचे, मग खायचं. मला ते फार आवडलं. आपण खाण्यापिण्याचे आभार मानतो, वासाचे कोण मानतं? मी विचारलं, सब्जा कुठला? सिपू म्हणाली, "शेगुलाआजीच्या कुंडीतला. तिच्या सब्जासारखा वास कुणाच्याच सब्जाला नाही."

शेगुलाआजी सिपूची सख्खी आजी नव्हती. ठाण्याला चरईत सिपूच्या घराच्या वरच्या मजल्यावर एकटी राहायची. सिपूची आई मोझेलकाकू नर्स, तिच्या ड्युटीचा भरवसा नाही. पप्पा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्यामुळे सिपूला खरं म्हणजे आजीनेच वाढवलं. नऊवारी नेसणारी, ठेंगणी, गुडघा सतत चोळत बसणारी बाई. आजीचे दोन्ही मुलगे इस्राएलमध्ये, अश्दोदला. दरवर्षी फोन करून करून थकले, ये म्हणून. ही जायची नाही.

मी आगाऊपणे एकदा विचारलंच, "आजी, का नाही जात हो? समुद्र आहे, नातवंडं आहेत."

आजी भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मी गेले तर इथल्या बायकांना आंघोळ कोण घालील?"

मला वाटलं, म्हातारी चळली. जिना उतरताना सिपूने सांगितलं तेव्हा माझे पाय थांबले. त्यांच्यात बाई वारली की तिला आंघोळ घालणं, कफन शिवणं, ते नेसवणं, हे सगळं त्यांच्यातल्याच बायका करतात. परक्याचा हात लागत नाही. पूर्वी ठाण्यात या कामाला हाक मारली की घर भरायचं. मग एकेक कुटुंब इस्राएलला गेलं. आता उरलेल्या आजी, मोझेलकाकू आणि कल्याणची एक हन्नामावशी. "आणि मी," सिपू म्हणाली.

"तू?"

"गेल्या महिन्यापासून. रिबेकाकाकू गेली ना तिकडे. चौथी कुणीतरी लागते."

मी किंचाळलेच. वीस वर्षांची पोरगी, दुसऱ्या वर्षाला, आणि प्रेतांना आंघोळ घालते! ती म्हणाली, "अगं, भीती नाही वाटत. आजी त्यांच्याशी बोलत असते. पाणी कोमट आहे का बघ गं म्हणते, जणू त्या सांगणार आहेत." तेव्हापासून मला कळायला लागलं. कधीमधी ती पहिल्या लेक्चरला उशिरा यायची, केस ओले, हातांना साबणाचा वास, आणि गपचूप वही काढून सेल बायॉलॉजी लिहायला बसायची. त्या दिवशी मी तिला छळायचे नाही.

कफन शिवायलाही आजीनेच शिकवलं. पांढरं कोरं सुती कापड, हातशिलाई, मोठे मोठे धावदोरे. आणि एक गोष्ट आजीने तिच्या बोटांवर चापट मारून शिकवली होती. दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीलाही नाही, शेवटीही नाही. टोक नुसतं आत खोचायचं. सिपूने विचारलं होतं, का? आजी म्हणाली होती, "जाणाऱ्याला बांधून ठेवायचं नसतं. गाठ राहिली तर माणूस अडकतं."

तिसऱ्या वर्षाच्या श्रावणात आम्हाला हर्बेरियम जमा करायचं होतं. बॉटनीवाल्यांनाच कळेल काय वैताग असतो तो! झाडाच्या फांद्या गोळा करा, वर्तमानपत्रात दाबून वाळवा, जाड कागदावर बसवा, मग सुईदोऱ्याने टाका घालून मागे गाठ मारा. शहाडला उल्हास नदीच्या काठी चिखलात लडबडून आम्ही झुडपं उपटून आणलेली. केदार सर प्रत्येकीच्या मागे उभे राहून सांगायचे, "गाठ घट्ट मारा, नाहीतर फांदी निसटते." सिपूची शिलाई सर्वांत सुबक. सर तिचे कागद उलटे धरून वर्गाला दाखवायचे, मागच्या बारक्या गाठी बघा म्हणून. त्यातला एक कागद तिने आजीच्या कुंडीतल्या सब्जाचा केला. "हा आजीला दाखवणार," म्हणाली.

तो दाखवायचा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी खुर्चीतच गेली. चहा पिऊन बसलेली, कप खाली ठेवलेला.

त्यांच्यात माती त्याच दिवशी देतात. मी धावत चरईला गेले. मला आत जाता येणार नव्हतं, मी जिन्यात बसले. मुलगे अश्दोदहून येईपर्यंत थांबता येत नव्हतं, ते फोनवर रडत होते. मोझेलकाकू आणि हन्नामावशीने आंघोळ घातली. हन्नामावशीला मोतीबिंदू, तिला सुई दिसत नाही. मोझेलकाकूच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. शिवायला उरली सिपू. दार जरा उघडं होतं, त्यातून मला ती दिसत होती. खाली मान, मांडीवर पांढरं कापड, हात भराभरा चाललेले. एकदा थांबली. मग दातांनी दोरा तोडला. शेवटी या बायका मेलेल्या माणसाची माफी मागतात, नाव घेऊन. सिपूचाच आवाज आला, "शेगुला, दाविदची मुलगी, आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर माफ कर." मी जिन्यात बसून रडले. दोन वर्षांत भेंडी खाऊ घालून घालून त्या बाईने मला आपली करून ठेवलेलं.

सिपू आठवडाभराने कॉलेजला आली. आम्ही हर्बेरियमच्या खोलीत गेलो. ती खोली आमच्या मजल्याच्या टोकाला आहे, लोखंडी कपाटं, एक खिडकी, खिडकीपाशी एक स्टूल, आणि नॅप्थलीनच्या गोळ्यांचा डोकं उठवणारा वास. सिपूने आपले कागद काढले. सब्जाचा कागद उलटा केला. त्या गाठींकडे बघता बघता तिचा चेहरा उतरला.

"अंतरा," ती म्हणाली, "मी गाठ मारली."

"मग? मारायचीच असते."

"कफनाला."

मी लगेच सुरू झाले. अगं, पंधरा दिवस आपण गाठीच मारतोय, हाताला सवय लागली, चुकून झालं. त्यात काय एवढं! ती ऐकत नव्हती. ती खिडकीपाशी बघत होती, त्या स्टुलाकडे.

तिथून ते सुरू झालं.

आधी तिने बुटांच्या नाड्या बांधणं सोडलं. नाड्या फरफटत चालायची, दोनदा जिन्यावरून पडता पडता राहिली. मग केस मोकळे. मग डब्याला बांधलेल्या फडक्याची गाठ तिला बघवेना. माझ्या हातातली राखी तिने तासाला बसल्या बसल्या सोडवली, मला कळलंसुद्धा नाही. हर्बेरियमचे राहिलेले कागद तिला पुरे करता येईनात. टाका घालायची, आणि गाठ मारायची वेळ आली की कागद माझ्याकडे सरकवायची. मग तिच्या गाठी मी मारायला लागले. कागदांच्या, नाड्यांच्या, पिशव्यांच्या. मी कुरकुर करायचे, "मी काय तुझी नोकर आहे?" आणि खाली वाकून तिच्या नाड्या बांधायचे.

एक दिवस भर दुपारी ती कॅम्पसातल्या वडाखाली उभी. स्टाफमधल्या बायकांनी वटपौर्णिमेला गुंडाळलेले दोरे अजून होते, आणि ही एकेक गाठ शोधून सोडवत होती. आमच्या डिपार्टमेंटची झाडलोट करणाऱ्या शेवंतीबाई धावत आल्या. "ए पोरी, हात नको लावू! माझ्या नवऱ्याच्या आयुष्याचा दोरा हाय तो!" सिपूचे हात खाली पडले. ती म्हणाली, "सॉरी मावशी, पण ते अडकतात हो." शेवंतीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तिला ओढत नेलं. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला, आणि इतकी भीती वाटली, की मी तिच्याशी धड बोलले नाही.

तिला आजी दिसायची असं ती कधी म्हणाली नाही. म्हणायची, आजी बसलेली असते. कुठे? हर्बेरियममध्ये, स्टुलावर, गुडघा चोळत. "बोलते का?" "नाही. रुसल्यासारखी बसते." आणि वास यायचा, सब्जाचा. मी म्हटलं, वाळलेला सब्जा आहे ना तुझ्या कागदावर, येणारच. तर म्हणे, वाळल्यावर येतो का वास? नाक लावून बघ. मी नाक लावून बघितलं. गवताचासुद्धा वास नव्हता त्याला. आणि खोटं कशाला बोलू, मी कागद खाली ठेवून वळले तर खिडकीपाशी वास आला. ताजा, ओला, गच्चीवरच्या मलिद्याच्या दिवशीसारखा. मी त्या खोलीत एकटी जायचं बंद केलं.

बिनूने सिनेगॉगमधल्या जुन्या माणसांना विचारून बघितलं. ते म्हणाले, कापड कुजतं, दोरा कुजतो, देवाला मन कळतं, पोरीला सांगा विसर म्हणून. सिपू म्हणाली, "दोरा कुजतो हे मला माहीत आहे. मी बॉटनी शिकते."

यात आणखी एक त्रांगडं होतं. वाकरूळकरांचं इस्राएलला जायचं ठरत आलेलं. पप्पा रिटायर होणार, काका आणि सिपूचा दादा आधीच तिकडे, कागदपत्रं बरीचशी पुढे सरकलेली. तिकडे सायरन वाजतात, लोक जिन्याखाली पळतात, सगळं बातम्यांत दिसत होतं. तरी पप्पा म्हणत, आपली माणसं आता तिकडेच आहेत. मोझेलकाकू एकदा मला कॉलेजच्या गेटवर भेटल्या. युनिफॉर्ममध्येच होत्या. म्हणाल्या, "अंतरा, ती नाही म्हणते गं. आजीला सोडून येणार नाही म्हणते. आम्ही सगळे गेल्यावर इथे एकटी कशी राहणार, विचारलं, तर म्हणाली, ‘एकटी कुठे?’ मी नर्स आहे, खूप बघितलंय, पण पोटच्या पोरीच्या तोंडून हे ऐकवत नाही गं. तिला न घेता मी विमानात कशी बसू?" त्या रस्त्यातच रडायला लागल्या. मी पाण्याची बाटली पुढे करण्यापलीकडे काही करू शकले नाही.

आश्विनात त्यांचा दारफळणीचा सण येतो. कडक उपास, पांढरे कपडे, घराचं दार लावून दिवसभर सिनेगॉगमध्ये प्रार्थना. कुणाकडे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. त्यांच्यातली जुनी माणसं मानतात की त्या दिवसांत आपली मेलेली माणसं घरी येतात. आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात. हे मला सिपूनेच सांगितलेलं. गेले कित्येक दिवस ती शिळ्या सणाचीच वाट बघत होती. "सगळे जातात ना त्या दिवशी. तीही जाईल. आपण हर्बेरियममध्ये जाऊन बघू."

शिळ्या सणाला ती कॉलेजला आली. आदल्या दिवशीच्या उपासाने चेहरा उतरलेला. आम्ही दोघी कपाटांमधून खिडकीपर्यंत गेलो. मी मनात म्हणत होते, नसू दे, नसू दे. वास होता. कधी नव्हता इतका.

सिपू मटकन खाली बसली. "नाही गेली," म्हणाली.

माझं डोकं सटकलं. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. मी ओरडले, "पुरे कर आता! एक गाठ चुकून बसली म्हणून जीव द्यायचाय का तुला? तिकडे आई रडते, इथे मी तुझ्या नाड्या बांधत फिरते. चूक झाली! संपलं! चुकीची इतकी शिक्षा कुठलाच देव देत नाही."

"चूक नव्हती ती," सिपू म्हणाली.

मी वळून तिच्याकडे बघितलं.

"गाठ हाताने मारली, सवयीने, ते खरं. पण बसल्याबरोबर मला कळली होती. दोरा तोडायचा होता अजून. नखाने सुटली असती." ती स्टुलाकडे बघून बोलत होती, माझ्याकडे नाही. "मी थांबले, अंतरा. तू बघितलंस ना, मी थांबले होते? मला वाटलं, सगळेच गेले. रिबेकाकाकू गेली, दादा गेला, आता आई-पप्पा जाणार. एक तरी माणूस राहू दे ना इथे माझ्यासाठी. म्हणून ठेवली. मुद्दाम ठेवली. आणि वरून तिचीच माफी मागितली, कमीजास्त झालं असेल तर म्हणून. झालं असेल तर!"

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी तिच्या जागी असते तर दहा गाठी मारल्या असत्या. तसं मी बोलूनही दाखवलं. ती पहिल्यांदाच मोठ्याने रडली, आणि मीही. वास तसाच होता आमच्याभोवती.

मग तीच उठली. सब्जाचा कागद कपाटातून काढला, छातीशी धरला आणि म्हणाली, "चल."

ठाण्यातल्या त्यांच्या कब्रस्तानात मी त्याआधी कधी गेले नव्हते. हिब्रू आणि मराठी अक्षरं कोरलेले दगड, त्यावर चौलकर, पेणकर, नवगावकर, झिराडकर. आपल्याच बसच्या पाट्या वाचल्यासारखं वाटत होतं. आजीवर अजून दगड नव्हता बसवलेला, नुसती माती, पावसाने बसलेली, आणि कडेला गवत. सिपू तिथे मांडी घालून बसली आणि कागद उलटा करून मांडीवर घेतला, त्या दिवशी कफन घेतलं होतं तसाच.

माझ्या बॅगेत प्रॅक्टिकलची कात्री होती, ती मी पुढे केली. तिने मान हलवली. "कापायची नाही. सोडवायची." एकेक गाठ ती नखांनी सोडवायला लागली. किती बारीक गाठी त्या! केदार सरांनी वर्गाला दाखवलेल्या. ऊन चढलं, तिचं नख तुटलं, बोटाला रक्त आलं, मी तरी मधे पडले नाही. शेवटची गाठ सुटली तेव्हा वाळलेली फांदी कागदावरून आपोआप घसरली आणि मातीवर पडली. सिपूने दोरा काढून घेतला आणि दोन्ही हात मातीवर ठेवले.

"शेगुला, दाविदची मुलगी," ती म्हणाली, "मी तुला बांधून ठेवलं. मला एकटीला राहायची भीती वाटली म्हणून. माफ कर, आणि जा." मग अगदी लहान पोरीसारखं, "जा गं आजी."

आम्ही दोन छोटे दगड शोधून मातीवर ठेवले, त्यांच्यात फुलं नाही, दगड ठेवतात, आणि निघालो. वाटेत तिने मला वडापाव खायला लावला. तिनेही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हर्बेरियमच्या दाराशी उभी राहिले, आत जायची माझी हिंमत होईना. सिपू एकटी गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी डोकावले. ती खिडकीपाशी उभी होती, हात रिकाम्या स्टुलावर. खोलीत नॅप्थलीनचा वास भरलेला. दुसरा कसलाच नाही.

"सुटली ना?" मी विचारलं. मला इतका आनंद झालेला.

सिपू वळली. तिचा चेहरा बघून माझा आनंद जागच्या जागी विरला.

"आजी गेली गं, अंतरा," ती म्हणाली. "आजी मेली." आणि जी बातमी श्रावणात आली होती, ती जणू आत्ता तिच्या कानावर पडली, अशी ती रडली. शेवंतीबाई झाडू टाकून आत आल्या, काही न विचारता तिला पोटाशी धरलं, आणि पदराने तिचं तोंड पुसत राहिल्या.

मला वाटलं, आता तरी ती आपल्या नाड्या आपण बांधेल, पण गाठ तिने नंतरही कधी मारली नाही. ती चप्पल घालायला लागली. त्या हिवाळ्यात डोंबिवलीची एक म्हातारी बाई वारली तेव्हा सिपू हन्नामावशीबरोबर गेली आणि कफन शिवून आली, टोक आत खोचून. मग हन्नामावशीने मुंबईच्या बायकांशी बोलून ठेवलं, पुढे हाक मारली तर त्या येणार. परीक्षा झाली. एस्थर दुसऱ्या कॉलेजला गेली. बिनूला पुण्यात नोकरी लागली, आणि ज्यू विद्यार्थी संघटना त्याने कट्ट्यावर उभं राहून रीतसर बरखास्त केली. तिकिटं जूनची निघाली.

जायच्या दिवशी मी चरईला गेले. घर रिकामं, भिंतींवर फोटोंच्या जागा पांढऱ्या. आजीची सब्जाची कुंडी दाराशी काढून ठेवलेली, माझ्यासाठी. मोझेलकाकू खाली टॅक्सीवाल्याशी बोलत होत्या. एका मोठ्या जुन्या बॅगेची चेन तुटलेली, तिला सुतळी गुंडाळायची होती. सिपूने सुतळी माझ्या हातात दिली.

"तू बांध," म्हणाली. "माझ्याच्याने गाठ होत नाही, माहितीये ना."

मी गुडघ्यांवर बसले. सुतळीचे वेढे दिले, आडवे, उभे, परत आडवे. ती माझ्यासमोर उभी होती, नव्या बुटांत, नाड्या सुटलेल्या. त्या मी आधी बांधल्या, फास घालून, ओढला की सुटतील अशा. मग परत सुतळी घेतली. दोन्ही टोकं माझ्या हातात होती. आता पुढे कुणाच्या शेजारी बसायचं, कुणाशी भांडायचं, काही सुचत नव्हतं. मी टोकं एकमेकांत घातली आणि ओढली. गाठ बसली. चांगली घट्ट बसली. केदार सरांनी वर्गाला दाखवली असती.

खालून मोझेलकाकूंनी हाक मारली. सिपू म्हणाली, "झालं का गं?"

"थांब जरा," मी म्हटलं.

मी ती गाठ नखाने सोडवली, आणि सुतळीचं टोक नुसतं आत खोचलं.